बाबांची उचकी

आमच्या घरात उचकी कधी एकट्या माणसाची नसायची. जेवताना कुणालाही ती लागली की सगळ्यांचे हात ताटातच थांबायचे आणि आत्याबाई नावं घ्यायला लागायच्या. एक घोट पाणी, एक नाव. राजुऱ्याची मावशी? नाही. ब्रह्मपुरीचा मामा? नाही. लग्न होऊन गेलेली शेजारची कमल? ज्या नावाला उचकी थांबेल ते माणूस त्या घटकेला आपली आठवण काढतं आहे, याबद्दल आमच्याकडे कुणाच्या मनात किंतु नव्हता. मला उचकी लागली की मी मावशीच्या नावापाशी मुद्दाम श्वास कोंडून धरायचे. मावशीनं आठवण काढली म्हणजे ती येणार आणि येताना तिळाचे लाडू आणणार, असं माझं मी ठरवून टाकलं होतं. लबाडी आत्याबाईंना कळत असावी, पण त्यांनाही लाडू आवडायचे.

घर आरमोरीत, राईस मिलच्या मागे, भाड्याचं, कवेलूचं, म्हणजे कौलाचं. दिवसभर मिलची फटफट चालायची आणि उडालेला कोंडा वाळत घातलेल्या कपड्यांवर, वड्या-पापडांवर, बाबांच्या टेबलावर येऊन बसायचा. मिल मध्येच बंद पडली की आई चमकून वर बघायची. त्या आवाजाशिवाय तिला काही सुचायचं नाही. सकाळी तांदळाच्या भाकरी, लाखोळीची डाळ, वांगं, जवसाची चटणी. पावसाळ्यात जंगलाकडच्या बाया वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, विकायला आणायच्या, तेव्हा त्यांची भाजी. ती शिजताना सुटणारा वास सगळ्यांना सोसतो असं नाही. माझा मोठा भाऊ दिवाकर नाक दाबून अंगणात जायचा, पण पानावर बसलो की सगळ्यात आधी वाटी त्याचीच रिकामी व्हायची. आई त्याला पुन्हा वाढायची आणि माझ्याकडे बघतसुद्धा नसे. आत्याबाई म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला तेव्हापासून आमच्याकडेच होत्या, आणि घरातल्या सगळ्या व्याधींवरचा शेवटचा शब्द त्यांचा असायचा.

बाबा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. जंगल खात्याच्या एका जुन्या विश्रामगृहातलं मोडकं सामान लिलावात निघालं तेव्हा गावातल्या लोकांनी खुर्च्या घेतल्या, पलंग घेतले, आणि बाबांनी जुन्या इंग्रजीचा एक जाडजूड कोश उचलून आणला. पुढचा भाग वाळवीनं खाल्लेला, शेवटची पानं तेवढी शाबूत. त्यामुळे बाबांची जुनी इंग्रजी शेपटाकडूनच सुरू झाली आणि तिथे त्यांना तो शब्द भेटला. येक्स. कुणी तो येस्क असा लिहिलेला, कुणी यिस्क, कुणी यॉक्स, कुणी युक्स. फारच जुन्या काळी तर पहिलं अक्षर चक्क तीनच्या आकड्यासारखं काढलेलं. अर्थाचंही तेच. आधी हुंदके देणं, मग उचकी लागणं, आणि कुठेतरी ढेकर देणंसुद्धा. पुढे इंग्रजांनी तो शब्द टाकूनच दिला. बाबा मात्र त्याच्या प्रेमात पडले. "ऐकलं काय वो," ते आईला म्हणायचे, "रडणं अन् उचकी, दोघाइले एकच शब्द. याइले फरक समजत नव्हता, का आपल्यालेच उगाच समजते असं वाटते?" आई म्हणायची, "मले भाजी करपली का नाई, एवढं समजते. उठा आता, पाणी घ्या आंगावर."

शाळेतही त्यांनी तो शब्द नेला. फळ्यावर सगळी रूपं एकाखाली एक लिहिली आणि स्पेलिंगच्या चुकीला अर्धा मार्क कापणं सोडून दिलं. "ज्याइच्या बापजाद्यांनी एक शब्द असा दहा तऱ्हेनं लिहिला, त्याइच्या भाषेपायी मी झाडीपट्टीतल्या पोट्ट्याइचे मार्क कापत बसू काय?" असं ते शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणाले. पोरं खूष, हेडमास्तर नाराज, आणि बाबांचं नाव पडलं येक्स सर. परवा मी सहज फोनवर तो शब्द शोधला. क्षणात सगळी रूपं समोर आली, बाबांना न सापडलेलीसुद्धा. सांगायला कुणी नव्हतं म्हणून फोन पालथा ठेवून दिला आणि उगाच चिडून बसले.

एवढा मोकळा माणूस, पण भाऊ मॅट्रिकला इंग्रजीतच नापास झाला तेव्हा त्यांचा सगळा मोकळेपणा कुठे गेला कोण जाणे. दुसऱ्यांच्या पोरांना चुका माफ होत्या, घरच्या पोराला नव्हत्या. "येक्स सरचा पोट्टा इंग्रजीत गेला, असं लोक म्हणतीन. मी शाळेत तोंड कसं दाखवू?" ते ओरडले. भाऊ आधी खाली मान घालून ऐकत होता. मग तो मोठ्यानं म्हणाला, "तुमच्या तोंडाचं तुम्ही पाहा. मी माजरीले चाल्लो. खाणीत कोणी स्पेलिंग विचारत नाई." आणि खरंच गेला. त्याची एसटी सुटली तेव्हा आई स्टँडवर उभी होती आणि बाबा घरात खडूची पेटी आवरत होते. संध्याकाळी जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "याच्यानंतर त्याचं नाव या घरात घ्याचं नाई." आईनं भाकरी उलटली.

नाव न घेणं बोलायला सोपं, पाळायला महाकठीण. आई मला हाक मारताना सवयीनं आधी "दि" म्हणायची आणि पुढचं गिळून "शालू" म्हणायची. उंचावरचा डबा काढायचा असला की वर बघत थोडा वेळ थांबायची आणि मग स्टूल ओढायची. तो माजरीला कोळसा भरायच्या कामावर लागला एवढं कुणीतरी येऊन सांगितलं होतं, पुढे काही नाही. वर्ष उलटलं. बाबांची जेवणावरची वासना गेली होती, पाय सुजायला लागले होते. "दिवसभर फळ्यापुढं उभं राहून पाय सुजतेच," असा आत्याबाईंनी निकाल दिला आणि त्या मीठ घातलेल्या गरम पाण्यानं ते शेकू लागल्या.

दिवाळी होऊन गेली होती, धानाची कापणी चालली होती, मिल जोरात होती. रविवारच्या दुपारी जेवता जेवता बाबांना उचकी लागली. आत्याबाईंनी सुरुवात केली. नातेवाईक झाले, सोयरे झाले, बदलून गेलेले मास्तर झाले, बाबांचे जुने विद्यार्थी झाले. चिमूटभर साखर दिली, मोरपिसाची राख मधात चाटवली. बाबा मध्येच हसून म्हणाले, "अवो बाई, हा इंग्रजाचा दुसरा अर्थ आहे, पहिला नव्हे. घाबरू नोको." पण उचकी काही थांबेना आणि हळूहळू हसणंही थांबलं. त्यांचा चेहरा लाल झाला. आत्याबाईंनी आईकडे पाहिलं, मग पदर तोंडाशी धरून, अगदी हळू, म्हणाल्या, "दिवाकर."

उचकी थांबली.

मिलचा आवाज तेवढा चालू होता. बाबांनी छातीवर हात ठेवला आणि ते वाट पाहू लागले. आम्हीही पाहू लागलो. उचकी आली नाही. आई उठून आत गेली आणि चुलीपाशी तोंडात पदर कोंबून रडली. बाबांनी ताटातला उरलेला भात बऱ्याच दिवसांनी संपवला. भाऊची मुलगी आता डॉक्टर आहे. ती मला सांगते, "आत्या, अशी उचकी मध्ये मध्ये आपोआप थांबते ग, तेव्हा कुणाचंही नाव घेतलं असतं तरी चाललं असतं." असेल. पण त्या घटकेला घेतलं गेलं ते तिच्या बापाचं नाव होतं, आणि ते वर्षभर कुणी घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उचकी परत आली. आत्याबाईंनी नाव घेतलं, थोड्या वेळानं थांबली. तिसऱ्यांदा आली तेव्हा नाव पुष्कळदा घ्यावं लागलं. आता घरात दुसरी नावं घ्यायची गरजच उरली नाही. आई भाकरी थापताना नाव घ्यायची, भांडी घासताना घ्यायची, बाबांच्या पाठीवरून हात फिरवत घ्यायची. दिवाकर, दिवाकर. वर्षभर गिळलेलं सगळं बाहेर येत होतं. तिच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी तजेला आलेला पाहिला. ती मधूनच मला सांगायची, "याद करून राह्यला वो पोट्टा. माजरीत बसून बापाची याद करून राह्यला." बाबा खंगत होते आणि आई सुखी होती. हे मला समजत होतं आणि कुणाला सांगावं ते समजत नव्हतं.

मला वाटलं होतं, बाबा तरी माझ्या बाजूनं होतील. आत्याबाईंच्या उताऱ्यांची चेष्टा करणारे तेच होते. ते अंगणात खाटेवर पडले होते तेव्हा मी जवळ जाऊन म्हटलं, "बाबा, दवाखान्यात चला न. नाव घेऊन उचकी थांबते हे खोटं असते, तुम्हीच तं सांगता."

"खोटंच आहे," ते म्हणाले. उचकी आली, गेली. "पण थांबली न, शालू? तू पाह्यलं न?"

"मंग दवाखान्यात काऊन नाई?"

"डॉक्टरनं औषध देल्लं अन् उचकी बंद पडली तं?" ते म्हणाले. "मंग त्याची याद येऊन राह्यली का नाई, मले कसं समजीन?"

मी तेव्हा नववीत होते. त्यांच्या पायावर बोट दाबलं तर खड्डा पडून राहत होता. मी आईकडे गेले, ती म्हणाली, "त्याइच्या मनात नाई तं मी काय करू? पोट्टा आला की बंद होईनच." आत्याबाईंकडे गेले, त्या म्हणाल्या, "डॉक्टरले यादेवरचं औषध येते काय वो?" घरात तीन मोठी माणसं, तिघांचा एकाच गोष्टीवर विश्वास, आणि खोटं ठरवायला माझ्याकडे काही नाही. मला त्यांचा राग यायचा. मग बाबांना उचकी लागायची आणि मीसुद्धा पळत जाऊन भाऊचं नाव घ्यायचे. दुसरं करण्यासारखं होतं काय!

भाऊला आणायचं ठरलं. शेजारचा तुळशीराम बाबांचा जुना विद्यार्थी. तो एसटीनं चंद्रपूरला आणि तिथून माजरीला गेला. आईनं त्याच्याजवळ वड्या बांधून दिल्या. तो वड्या तशाच घेऊन परत आला. "माजरीत नाई जी आता. राजुऱ्याकडच्या खाणीवर गेला म्हणते. ठेकेदार बदलला." बाबा म्हणाले, "राजुऱ्याले मावशी आहे, अन् तिच्या घरी गेला नाई?" आणि मग स्वतःच, "कसा जाईन. लाज वाटली असन." भाताची कापणी आटोपेपर्यंत तुळशीरामला पुन्हा निघता येईना. आता उचकी झोपेतही यायची. नाव घेऊन ती क्वचितच थांबायची, पण थांबली की सगळे एकमेकांकडे बघायचे आणि न थांबल्याच्या वेळा कुणी मनावर घ्यायचं नाही. एका सकाळी मी न्हाणीत पाणी ठेवायला गेले तर बाबा दगडावर बसले होते, खांदे हलत होते, गाल ओले होते. ती उचकी होती की रडणं, मला ओळखता आलं नाही. त्यांचं त्यांना तरी येत होतं का, कोण जाणे. त्यांनी मला पाहिलं आणि जा म्हणून हात हलवला.

तुळशीराम दुसऱ्यांदा गेला आणि भाऊला घेऊन आला. भरदुपारी दोघं अंगणात उभे राहिले. भाऊ वाळला होता, नवा सदरा घातला होता, नखांच्या कडा काळ्या होत्या. बाबा खाटेवर उठून बसले. आम्ही तिघी दारात.

"आला?" बाबा म्हणाले.

"आलो बाबा."

"याद करत होता न?"

भाऊला काही कळलं नाही. तुळशीराम रस्त्यात काय बोलला असेल नसेल. त्यानं आईकडे पाहिलं, आईनं मान हलवली. "हो बाबा," तो म्हणाला. "रोज."

बाबांनी त्याचा हात धरला आणि छाती भरून श्वास घेतला. आत्याबाईंनी हात जोडले. बाबांच्या तोंडावर जे समाधान पसरलं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही कधी पाहिलं नाही. मग त्यांनी श्वास सोडला आणि उचकी आली.

"पाणी दे वो," आई म्हणाली. पाणी दिलं. उचकी आली. आत्याबाई सवयीनं म्हणाल्या, "दिवाकर." तो समोरच बसला होता. पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं. उचकी येतच राहिली. ज्याची वाट पाहत इतके दिवस काढले तो हाताशी होता आणि त्याच्या येण्यानं काहीच झालं नव्हतं. बाबा आत्याबाईंकडे लहान मुलासारखे बघत म्हणाले, "मंग कोण, बाई? आणखी कोण?" आत्याबाई गोंधळल्या. त्यांनी मावशीपासून पुन्हा सुरुवात केली. जिवंत माणसं संपली तसं त्यांनी आपल्या आईचं नाव घेतलं, वडिलांचं घेतलं, आपल्या गेलेल्या नवऱ्याचं घेतलं. आई ओरडली, "बस करा वो बाई, बस करा!"

भाऊ उठला. "हे काय लावलं तुम्ही? पाय पाह्यले काय याइचे? तुळशीराम, मिलमधी मेटॅडोर असन तं सांग जा!" घरात एवढ्या मोठ्यानं बोलण्याची त्याची ती दुसरी वेळ. या वेळी बाबांनी त्याला गप्प केलं नाही.

मेटॅडोरमध्ये कोंड्याच्या पोत्यांवर गादी टाकून आम्ही बाबांना नदीपलीकडे ब्रह्मपुरीला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, पाय दाबले, लघवीचं विचारलं. मग म्हणाले, "उचकी कधीपासून आहे?" आईनं आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या, "झाले जी बरेच दिवस."

"मग इतके दिवस केलं काय तुम्ही?"

माझ्या तोंडात शब्द होते, पण ते सांगितले तर आईचं काय होईल या भीतीनं मी गप्प राहिले. भाऊ भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "माझं नाव घेऊन राह्यले होते, साहेब."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि रक्त तपासायला पाठवलं. किडन्या गेल्या होत्या. विष रक्तात भिनलं होतं, नागपूरला न्यायचं म्हटलं तर रस्त्यातच काही होण्याची भीती होती. उचकीवर मात्र त्यांनी इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात उचकी मंदावली, मग लांबली, मग बंदच झाली. आई खाटेच्या पायाशी खाली बसली आणि तिला डुलकी लागली. मला वाटलं, आता बाबा झोपतील.

त्यांनी डोळे उघडले. छातीवर हात ठेवून ते वाट पाहू लागले, पहिल्या दिवशी पाहिली होती तशी. मग घाबऱ्या आवाजात म्हणाले, "शालू, थांबली वो."

"हो बाबा. आता बरं वाटते न?"

"विसरला तो मले," बाबा म्हणाले.

भाऊ त्यांचा हात धरूनच बसला होता. तो वाकून म्हणाला, "बाबा, मी इथीच आहो. दिवाकर. पाहा न इकडे." बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग शाळेतल्या कुणा पोराच्या पाठीवर थोपटावं तसं त्यांनी त्याच्या हातावर थोपटलं. "तू बस, बेटा," ते म्हणाले. "मले माझा दिवाकर पाह्यजे." आणि त्यांनी तोंड दाराकडे वळवलं. संध्याकाळपर्यंत ते तसेच दाराकडे बघत होते. भाऊ एकदाही उठला नाही. मग बाबा गेले.